कौशीची बरणी

बरणी मी फोडली. हातात मुसळ होतं, मागे दहा बायका होत्या, रस्त्यावर दोन पोलीस आणि मोटरसायकलवर आलेला एक फोटोवाला. चिनी मातीची बरणी, वर तपकिरी, खाली पांढरी, माझ्या गुडघ्याच्याही वर येईल एवढी. पहिल्या घावाला ती फुटली नाही, नुसती वाजली. दुसऱ्या घावाला पोटातून चिरली आणि काळं-तांबडं पाणी उंबऱ्यावरून माझ्या पायांवर आलं. गार होतं. द्राक्षांची फुगलेली सालं, गव्हाचे दाणे, दालचिनीचे तुकडे माझ्या बोटांच्या बेचक्यांत अडकले. कौशी आत भाकरी थापत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी दारात आली. आधी तिने बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला हवी होती. ती म्हणाली, "यशे, पाय जपून टाक. कपच्या पडल्यात."

एवढंच. मग आत गेली आणि तव्यावरची भाकरी उलटली, कारण ती करपायला लागली होती.

ही कौशी, म्हणजे कौसल्या, शिमग्याच्या आधी गेली. त्याला आता सहा आठवडे होतील. ती गेल्यापासून गावात तिच्याबद्दल जे बोललं जातंय, ते ऐकून माझं डोकं फिरलं आहे, म्हणून हे लिहायला बसले. कुणी गेलं की चांगलं लिहायचं असतं एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. चांगलं लिहिण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. आमच्याकडे काही नव्हतं, आणि ते सोडून तिच्याबद्दल लिहिता येत नाही.

आमचं गाव भीमेच्या काठाला, वडगाव रासाईच्या पुढं. बाजाराला शिरूर, रेल्वेला दौंड. माझं माहेर खुटबावचं, त्यामुळे दौंडची ये-जा मला लहानपणापासूनची. कौशी आमच्या गावच्या बौद्धवस्तीतली सून, पण नांदली दौंडला. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, रूळ दुरुस्त करणाऱ्या. तो न्यूमोनियाने गेला तेव्हा तिच्या कडेवर सुनील होता. मग ती रेल्वे कॉलनीत स्वयंपाकाला लागली. त्या कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन लोकांची घरं होती, इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड लोकांची. घरात इंग्रजी बोलायचे आणि बाजारात भाजीवालीशी आपल्यापेक्षा चोख मराठीत भांडायचे. अशाच एका ड्रायव्हरच्या बायकोकडे, डॉली मॅडमकडे, कौशीने बारा वर्षं रांधलं. मॅडमने तिला खिम्याच्या गोळ्यांची करी शिकवली, मिऱ्याचं झणझणीत पाणी शिकवलं, आणि नाताळाच्या आधी बरणीत द्राक्षांची वाइन घालायला शिकवलं. कौशीने मॅडमला हुलग्याचे शेंगोळे आणि मासवडी शिकवली. कौशी सांगायची, "पयल्या दिवशी मॅडमनं मला टेबलावर बसवलं. आयुष्यात पयल्यांदा ढुंगणाखाली खुर्ची आली, आन् घास घशातच अडकला बघ. मॅडम पाणी देती, मी उठती. ती परत बसवती, मी परत उठती. निस्ती उठाबस." साहेब रिटायर झाले, मुलं परदेशात होती, ती दोघांना घेऊन गेली. जाताना मॅडमने तिला दांडीचे दोन छोटे ग्लास आणि ती बरणी दिली. एसटीत सुनील उभा आणि बरणी तिच्या मांडीवर, अशी ती गावाला परत आली. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

माझी तिची ओळख द्राक्षबागेतली. गावच्या वरच्या अंगाला एकाने बाग लावली होती, तिथे आम्ही विरळणीला जायचो. घडातले बारीक मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले जाड होतात. दिवसभर मान वर. दुपारी जेवायला आम्ही मराठ्यांच्या बायका लिंबाखाली बसायचो आणि बौद्धवस्तीतल्या बायका बांधावरच्या बोरीखाली. हे कुणी सांगितलं नव्हतं, तसंच होतं. माझ्या फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नवरा पिऊन पडलेला, घरात दुसरं काय असणार. आणि त्या बोरीखालून भाजलेल्या बोंबलाचा वास यायचा, कांदा आणि काळा मसाला लावलेला. तीन दिवस मी वासावर भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी पाणी प्यायचं निमित्त करून बांधापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. कौशीने मान वर केली. "वैनी, वास तितवर येतो, बोंबील येत न्हाई. खायाचा आसंल तर हिकडं यावं लागंल." सगळ्या हसल्या. मी माघारी फिरले. पण दुसऱ्या दिवशी मण्यांची पाटी रिकामी करायला बागेच्या मागे गेले, तर ती तिथे उभी होती, पदरात अर्धी भाकरी आणि एक अख्खा बोंबील घेऊन. मी तो उभ्याउभ्या खाल्ला. मला आठवतं, काटासुद्धा टाकला नाही.

तिथून पुढे दहा-अकरा वर्षं मी तिच्या घरी जेवत आले. दर शनिवारी. आणि हे गावात कुणाला माहीत नव्हतं, कारण मी तसं होऊ दिलं नाही. बौद्धवस्ती नदीच्या वाटेवर. मी डोक्यावर धुण्याची पाटी घ्यायची, तिच्या मागच्या दाराने आत शिरायची, जेवायची, मग नदीवर जाऊन एक लुगडं बुडवून आणायची. तेच लुगडं. दर शनिवारी धुऊन धुऊन ते विरलं. कौशी म्हणायची, "यशे, आता दुसरं बुडवत जा. गाव म्हणंल, हिला एकच हाय." ती कधी म्हणाली नाही की पुढच्या दाराने ये. मी ते कधी विचारलं नाही. मी तिच्या हातचं खाऊन पुष्ट झाले आणि गावात मान वर करून हिंडले. हे आता लिहिताना मला रडू येत नाही, चीड येते.

तिचा स्वयंपाक कसा होता ते सांगते, कारण ती गेल्यावर चौकात जो फ्लेक्स लावला त्यावर ते कुणी लिहिलं नाही. तेव्हा नदी नदीसारखी होती. मरळ मिळायची, वांब मिळायची, पावसाळ्यात खेकडे. मरळ ती राखेने घासून धुवायची आणि तुकडे मिठात मुरवायची. वाटण पाट्यावर. खोबरं भाजताना बोलायची नाही. मी काही विचारलं तर हात वर करायची, थांब म्हणून. कालवण उतरायच्या आधी चुलीतली लाकडं मागे ओढून नुसत्या निखाऱ्यावर ठेवायची, आणि तेवढ्यात भाकऱ्या. मग ताट घ्यायची आणि पहिल्यांदा स्वतःला वाढून घ्यायची. मरळीचं डोकं, सगळ्यात चवीचा भाग, तिच्या ताटात. सुनील लहान असतानाही. पहिल्या वेळी मला ते इतकं चमत्कारिक वाटलं की मी बोलून गेले, "अगं, पोराच्या आधी?" ती म्हणाली, "पोराला हाय की. ऱ्हाईल ते खायाला मी काय मांजर हाय?" माझ्या घरी मी सगळ्यांच्या मागून खायची, रश्श्याच्या तळाला जे राहील ते, आणि बहुतेक वेळा ते पातेलंच असायचं. माझ्या सासूने तसं खाल्लं, आईने तसं खाल्लं. कौशी मांडी घालून बसायची आणि डोकं चोखून चोखून खायची, डोळे मिटून, सावकाश. खाण्यात तिला लाज नव्हती.

आणि दिवेलागणीला ती अर्धा ग्लास वाइन घ्यायची. बागेची तोडणी झाली की खाली पडलेले काळे मणी मालक उचलू द्यायचा. ते धुवून, कुस्करून, साखर, मूठभर गहू, लवंग-दालचिनी आणि दौंडच्या बेकरीतलं खमीर. वरून फडकं बांधायचं. एकवीस दिवस रोज लाकडी पळीने हलवायचं. बरणी दाराच्या आत उजव्या हाताला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. तिने ती कधी लपवली नाही. लपवायची ती मी.

मी पहिला घोट घ्यायला दोन वर्षं लावली. दारूचं नाव काढलं की मला नवऱ्याच्या तोंडाची घाण आठवायची. तो हातभट्टीची प्यायचा, आंबलेल्या गूळ-नवसागराची, आणि मला मारायचा. शेवटी रक्ताच्या उलट्या होऊन गेला. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. तो गेल्यानंतरच्या एका शनिवारी कौशीने दुसरा ग्लास काढला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. मी वास घेतला. लवंगेचा वास, जुन्या मनुकांचा वास. मी म्हटलं, "ही दारू न्हाईच." ती म्हणाली, "दारूच हाय. खोटं कशाला बोलायचं? पर ही पडायला न्हाई प्यायची, बसायला प्यायची." मी प्यायले. गाल गरम झाले. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो, चुलीवर कालवण रटरटत होतं, आणि मला उठून काही करायचं नव्हतं... मला तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. न उठता बसून राहण्याची ती पहिली संध्याकाळ.

तिच्या वस्तीतही सगळ्यांना ते पसंत नव्हतं. एकदा तिथले एक आप्पा दारात येऊन म्हणाले, "कौसल्या, विहारात पंचशील म्हणतीस आन् घरी येऊन पितीस?" कौशी म्हणाली, "आप्पा, चार अगदी नीट पाळती मी. तुमी पाचातली किती पाळता तेवढं सांगा, मग पाचव्याचं बघू." आप्पा हसत गेले. भांडण तिच्याशी करता यायचं. ते लोक समोर येऊन बोलायचे. आम्ही मागच्या दाराने यायचो. मी एकटीच नव्हे. आमच्या उपसरपंचाच्या घरी तालुक्याचे पाहुणे आले की मरळ कौशीकडून तळून जायची, झाकून, मागच्या दाराने, आणि पाहुण्यांना सांगितलं जायचं की घरी केली. उपसरपंचाच्या बायकोला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. ती पाहुण्यांना आग्रह करकरून वाढायची.

ह्या अक्कानेच महिला मंडळ काढलं. दारूबंदीचं. मी पहिल्या दिवसापासून त्यात होते, आणि मनापासून होते. हातभट्टी ओढ्याकाठी वेड्या बाभळीत होती. माझा नवरा तिने खाल्ला होता, अजून निम्म्या गावाचे खात होती. एक दिवस ठरलं की जायचं, पिंपं फोडायची, मडकी फोडायची. अक्काने शिरूरहून फोटोवाला बोलावला, चौकीतून दोन पोलीस आणले. आम्ही पदर खोचून, मुसळं आणि काठ्या घेऊन निघालो. घोषणा दिल्या. माझा घसा बसला. आणि ओढ्यात उतरून बघतो तर काही नाही. चूल विझवलेली, राख गार, दोन गंजकी डबडी आणि एक फाटकं पोतं. कुणीतरी आदल्या दिवशीच कळवलं होतं. कुणी, ते गावाला ठाऊक आहे. भट्टीवाला अक्काच्याच भावकीतला.

आम्ही अकरा जणी मुसळं घेऊन उभ्या. फोटोवाला घड्याळ बघायला लागला. अक्का म्हणाली, "आता ह्या डबड्यांचा फोटो काढायचा व्हय?" कुणीतरी मागून म्हणालं, "कौशीकडं हाय की भरल्याली बरणी." मी वळून बघितलं नाही कोण ते. मला कळायला नको होतं. मी एवढं तरी म्हणू शकले असते की ती भट्टी नव्हे, ती बाई विकत नाही, तिच्यापायी कुणाची बायको मार खात नाही. माझ्या तोंडात ते आलंही होतं. तेवढ्यात अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "यशोदा, तू जाती म्हनं तिच्याकडं?"

"मी?" मी म्हटलं. "मी कशाला जाऊ? मी काय तिच्या हातचं खाती व्हय?"

बरणी फोडली त्याहून हे वाईट. बरणी नंतर फुटली, ती ह्या वाक्याने आधीच फुटली होती. अक्का म्हणाली, "मग तूच फोड. सगळ्यांना कळंल तरी." आणि मी पुढच्या दाराने कौशीच्या घरी गेले. दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने.

एका पेपरात फोटो आला. मी मुसळ उगारलेली, तोंड उघडं, अक्का शेजारी हात जोडून. खाली लिहिलं होतं, रणरागिणींनी दारूअड्डा उद्ध्वस्त केला. अड्डा! एक बरणी, एक बाई आणि करपलेली भाकरी. अक्काने तो फोटो चौकट करून ग्रामपंचायतीत लावला. माझ्या थोरल्या पोराने त्याचं कात्रण पाकिटात घालून रांजणगावला कंपनीत दाखवायला नेलं. भट्टी पंधरा दिवसांत परत सुरू झाली, थोडी पलीकडे. तिच्यावर परत कुणी गेलं नाही. पुढच्या निवडणुकीत अक्का सरपंच झाली.

दीड वर्ष मी नदीला दुसऱ्या वाटेने जात होते. कौशीने एकदाही निरोप पाठवला नाही, एकदाही टोमणा मारला नाही. तिने टोमणा मारला असता तर मला भांडता आलं असतं. मी मनातल्या मनात तिच्यावर चिडले होते, खरं सांगते. ज्याचं आपण वाईट करतो त्याच्यावर माणूस चिडतंच... मग एक दिवस गिरणीत गाठ पडली. पाच-सहा बायका रांगेत, पट्टा फडफडतोय, सगळीकडे पीठ उडतंय. कौशीने डबा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "यशे, शनिवारी मरळ यायची हाय. धुणं घिऊन ये." बायकांना वाटलं, ही काय बोलते? धुण्याचा आणि मरळीचा काय संबंध? त्या हसल्या. मला घाम फुटला. ती डोळा बारीक करून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "येती."

गेले. पाटी घेऊन, मागच्या दाराने. त्या दिवशीही पुढच्या दाराने गेले नाही, लिहून ठेवते. कालवण तेच, भाकरी तीच. दिवेलागण झाली, तिने ग्लास काढले नाहीत. मी विचारलं, "आता घालत न्हाईस व्हय?" तिने हात पुसले. "कशात घालू? माझ्या डोस्क्यात?" मी म्हटलं, मी तुला नवी आणून देते. ती ताटं उचलायला लागली. मला तर वाटतं, ती बरणी आपल्यापर्यंत यायची नाही हे तिने तेव्हाच ओळखलं होतं.

मी आणली, शिरूरच्या बाजारातून. तशीच, तपकिरी आणि पांढरी. एसटीत मांडीवर घेऊन बसले. स्टँडवर उतरले तर अक्का समोर. "एवढी मोठी बरणी कशाला गं?" मी म्हटलं, "लोणच्याला." आणि घरी येऊन, कुणी बघायला आलं तर म्हणून, मी त्या बरणीत खरोखरच कैरीचं लोणचं घातलं. पुढच्या वर्षीही घातलं. त्याच्या पुढच्याही. बरणी आमच्या माचाखालून हलली नाही. माझ्या घरापासून तिच्या घरापर्यंत चालत तीनशे पावलं असतील. सहा-सात वर्षांत मला ती चालवली नाहीत.

ह्या वर्षांत नदी बिघडत गेली. पाण्यावर जलपर्णी, खाली हिरवा गाळ, उन्हाळ्यात वास. मरळ दिसेनाशी झाली, नुसती चिलापी. कौशी नाक मुरडायची, "ही मासळी न्हवं, ओला कापूस." पण पाणी तेच प्यायचं होतं, विहिरी नदीच्याच काठच्या. ह्या थंडीत वस्तीत चार-पाच जणांना कावीळ झाली. तरणी होती ती उठली. कौशी उठली नाही. सुनील आता रांजणगावला कंपनीत कायम आहे. त्याने तिला शिरूरला नेलं. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, दारू पिते का? सुनील म्हणाला, "सात-आठ वर्षांत थेंब न्हाई." डॉक्टर म्हणाला, पाण्यातून आलेली आहे, वय आहे, उशीर झालाय. आठ दिवस ठेवून घरी पाठवली.

मी गेले तेव्हा ती खाटेवर होती, डोळे हळदीसारखे. उशाशी उसाचा रस, उकडलेला मुळा, बिनतेलाचा भात. ती म्हणाली, "हे काय जेवण हाय? अळणी खाऊन मरायचं व्हय मी? मरळीचं कालवण कर." मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणतो. "डॉक्टर मरतोय का मी मरतीया?" सुनील कंपनीतून येताना कुठूनशी मरळ शोधून घेऊन आला. मी तिच्याच चुलीवर, तिच्याच पाट्यावर वाटून केलं. ती खाटेवरून सांगत होती, आता खोबरं काढ, आता लाकडं वढ. मी बोलले की हात वर करायची. ताट केलं, डोकं तिच्या ताटात ठेवलं. तिने दोन घास घेतले, तिसरा तोंडात धरून बसली. गिळला.

"मीठ कमी हाय," म्हणाली.

मग भिंतीकडे बघत म्हणाली, "आता जरा आसती तर बरं झालं आसतं." काय, ते मला कळलं. मी सांगून टाकलं. की बरणी आणली होती, त्याच वर्षी, अक्का भेटली, लोणचं घातलं, अजून घरीच आहे, माचाखाली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, असं की खाट हलली आणि सुनील बाहेरून धावत आला. "कैरीचं का लिंबाचं?" म्हणाली. मी म्हटलं, कैरीचं. "मग आण की थोडं. हे मुळं तरी गिळतील." मी आणलं, भर दुपारी, हातात वाटी घेऊन, पुढच्या रस्त्याने. वाटी नेता आली. बरणी नेता आली नाही. तीन दिवसांनी ती गेली.

आणि आता ऐका. प्रेत अजून दारात होतं आणि आमच्या आळीतल्या बायका पलीकडे उभ्या राहून बोलत होत्या, लिव्हर गेलं म्हणे, प्यायची ना. अक्का आली, डोळ्याला पदर लावला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "चांगली व्हती बिचारी. पर नाद वाईट." मी तिला म्हटलं, "आपण फोडल्यापासनं तिनं घेतली न्हाई. तुझ्या भावकीची भट्टी चालू हाय, तितं जाऊन रड." ती माझ्याशी त्यानंतर बोललेली नाही. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर कौशीचा फोटो, रेशनकार्डावरचा, खाली सरपंच, उपसरपंच आणि सोसायटीच्या सात-आठ जणांचे, तिच्यापेक्षा मोठे. आणि मजकूर काय, तर गावची अन्नपूर्णा हरपली. गावची! गावातलं कोण तिच्या पुढच्या दाराने जेवायला गेलं? एक नाव सांगावं. मी सांगते, कुणी नाही. मीसुद्धा नाही. मी विळा घेऊन गेले आणि दिवसाढवळ्या तो फ्लेक्स उतरवला. कौशीचा फोटो कापून सुनीलला दिला. उरलेला अंगणात अंथरलाय, त्या सगळ्या तोंडांवर मिरच्या वाळत घातल्यात. चांगल्या वाळतायत.

सुनीलने मला ते दांडीचे दोन ग्लास दिले. मी बरणीतलं लोणचं काढून वाटून टाकलं, बरणी राखेने घासली, चार दिवस उन्हात ठेवली. मग कौशी करायची तसं सगळं केलं, द्राक्षं, साखर, मूठभर गहू, एकवीस दिवस पळी. परवा गाळली. बिघडली आहे. लोणच्याचा वास गेलेला नाही, घोट घेतला की आधी हिंग लागतो आणि मागून मोहरी. कौशी थुंकली असती. मी पिते. दिवेलागणीला, अर्धा ग्लास, पुढचं दार सताड उघडं टाकून, आधी माझं ताट वाढून घेऊन. पहिल्या दिवशी थोरला म्हणाला, "आये, हे काय?" मी म्हटलं, दारू आहे. बरणी दाराच्या आत उजव्या हाताला ठेवली आहे, रस्त्यावरून दिसते. ज्यांना मुसळ घेऊन यायचंय त्यांनी यावं, संध्याकाळची मी घरीच असते.

त्या दिवशी उंबऱ्याच्या बाहेर आम्ही अकरा जणी होतो. अकराही अजून आहोत, जेवतोय, हिंडतोय. भट्टीवालाही आहे. उंबऱ्याच्या आत एकटी कौशी होती. ती गेली.